दुभाष्याचा उजवा कान

लुलामिले म्बेलेनी कोर्टात दुभाषा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमानीपासून तासाभराच्या अंतरावरचं ते गाव म्हणजे एक मोठा रस्ता, दोन पेट्रोल पंप, लोकरीचं गोदाम आणि टेकाडाखाली मॅजिस्ट्रेटचं दगडी कोर्ट. मॅजिस्ट्रेट नि वकील इंग्रजीत बोलायचे, मेंढवाड्यांचे मालक आफ्रिकान्समध्ये आणि उरलेलं सगळं गाव खोसात. या तिघांच्या मध्ये, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला टेकून, इस्त्रीचा काळा कोट घालून लुलामिले उभा असायचा. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. साक्षीदार रडत बोलला तर लुलामिलेचं इंग्रजीही जरा ओलं व्हायचं, साक्षीदार उर्मट असला तर त्याचंही. लोक त्याला कुळाच्या नावानं भेले म्हणत. भेले उभा असला की आपलं म्हणणं वाकडं होऊन वर जाणार नाही, एवढी खात्री गावाला होती.

हे काम तो शिकला होता आईकडे. नोझिझ्वे म्बेलेनी पस्तिशीतच बहिरी झाली. दुकानात काउंटरपलीकडून दुकानदार काय म्हणतोय ते हा सात वर्षांचा पोरगा आईच्या समोर उभा राहून, तोंड मोठं करून, हातवारे करून सांगायचा. आईला पुढे साखरेचा आजार झाला, डोळे अधू झाले, हृदय थकलं आणि ती पन्नाशीच्या आत गेली. तिचा भाऊही बहिरा होता. त्या घरावर कुणाची तरी नजर आहे, पूर्वज रुसलेत, असं आजूबाजूचे लोक कुजबुजायचे. आईला ती कुजबूज ऐकू यायची नाही. लुलामिलेला यायची, पण ती त्यानं कधी आईपर्यंत पोचवली नाही. त्याच्या दुभाषेपणात एवढी एकच लबाडी होती, आणि तिची त्याला कधी लाज वाटली नाही.

छत्तिसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा जाणवलं की बायको झुकिस्वा स्वयंपाकघरातून हाक मारते ती आपल्याला दुसऱ्या हाकेला कळते. अडतिसाव्या वर्षी साखर निघाली. कोमानीच्या दवाखान्यातून त्यानं कानामागचं यंत्र आणलं, पण कोर्टात ते घालायला तो बिचकायचा. बहिरा दुभाषा कोण ठेवील? मग तो साक्षीदाराच्या ओठांकडे पाहू लागला. कोर्टात माणसं काय बोलतात हे वीस वर्षांत पाठ झालेलं. अर्धं ऐकू आलं की अर्धं जुळवता येतं. असं जुळवत जुळवत त्यानं दोन वर्षं काढली.

मग माखोसोन्केचा खटला उभा राहिला. माखोसोन्के हा मेंढ्यांची लोकर कापणारा पन्नाशीचा माणूस. एका मालकाच्या अकरा मेंढ्या चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. साक्षीला एक म्हातारी आली होती, दात पडलेली, अंगावर शाल लपेटलेली, बोलणं तोंडातल्या तोंडात. सरकारी वकिलानं विचारलं, "त्या संध्याकाळी कुंपणाजवळ जो माणूस दिसला त्याला तुम्ही ओळखता का?" लुलामिलेनं ते खोसात विचारलं. म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि शालीत तोंड घालून खोकली.

आमच्या खोसात 'नाही' म्हणायला वेगळा शब्द जोडावा लागत नाही. क्रियापदाच्या तोंडाशी एक लहानसा 'अ' लावला की होकाराचा नकार होतो. म्हातारीनं तो 'अ' लावला होता. लुलामिलेला तो ऐकू आला नाही.

"होय, मी त्याला ओळखते," तो इंग्रजीत म्हणाला.

आरोपीच्या पिंजऱ्यातून माखोसोन्के ओरडला. मागच्या बाकांवर बसलेली त्याची बायको उठून उभी राहिली. लुलामिलेला फक्त एवढं दिसलं, की अचानक सगळ्यांची तोंडं उघडली आहेत आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत. आवाज त्याला येत होता, पण घोंगडीआडून यावा तसा. तो वळला, म्हातारीच्या अगदी समोर गेला आणि म्हणाला, "माखुलू, आजी, पुन्हा सांगा. माझ्याकडे बघून सांगा."

म्हातारी चिडली. शाल खाली ओढून तिनं एकेक अक्षर सोलून दिल्यासारखं त्याच्या तोंडावर मारलं, "मी त्याला ओळखत नाही. कानात बोळे घातलेत का रे पोरा?"

लुलामिले जागेवर परत आला. मॅजिस्ट्रेट बाई वाट पाहत होत्या. चूक दुरुस्त करून तो पुढे जाऊ शकला असता. दुभाषे कधीमधी चुकतात, कुणी काही म्हणालं नसतं. पण त्यानं हातातली वही मिटली आणि सरळ उभा राहिला.

"बाईसाहेब, साक्षीदार म्हणाल्या की त्या ह्या माणसाला ओळखत नाहीत. मी उलट सांगितलं. ही एवढीच चूक नाही. मला दोन वर्षं नीट ऐकू येत नाही. मी बरंचसं अंदाजानं सांगत आलो आहे. आजच्या आधीही कुठे चुकलो असेन. माझ्या कामाच्या टेप पुन्हा ऐकून घ्या."

बाईंनी एका कागदावर लिहून तो शिपायाकरवी त्याच्याकडे पाठवला. कागदावर एवढंच होतं: 'बसा, मिस्टर म्बेलेनी. हे सोपं नव्हतं.'

तो कागद झुकिस्वानं बायबलमध्ये ठेवला आहे.

दोन वर्षांच्या टेप ऐकल्या गेल्या. दोन खटले नव्यानं चालवावे लागले, त्यांतल्या एकात माणसाची शिक्षा रद्द झाली. तो चार महिने तुरुंगात काढून बाहेर आला होता, आणि त्याच्या घरचे लोक लुलामिले दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जात. लुलामिले त्यांना दोष द्यायचा नाही. एकदा तो त्यांच्या घरी जाऊन आला. दारातच उभं करून त्या माणसाच्या आईनं त्याला काय काय सुनावलं ते त्याला ऐकू आलं नाही, पण ती थांबेपर्यंत तो टोपी हातात धरून उभा राहिला.

माखोसोन्के मात्र सुटला, आणि एका रविवारी बायकोला घेऊन घरी आला. पाठीवर अर्धी मेंढी.

"भेलेला सांग, ही चोरीची नाही," तो झुकिस्वाला म्हणाला. तिनं ते वहीत लिहून नवऱ्यासमोर धरलं. लुलामिले हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले.

"माझ्यामुळे तू आत गेला असतास."

झुकिस्वानं माखोसोन्केचं उत्तर लिहिलं: 'तो म्हणतो, तुझ्यामुळेच बाहेर आहे. तो म्हणतो, रडायचं असेल तर रड, पण मटण ऊन लागून खराब होईल.'

कोर्टानं त्याला काढलं नाही. तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये बसवलं. तिथे धुळीच्या फायली होत्या आणि बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे बहिरेपण खपून जायचं. पुढच्या तीन वर्षांत उरलंसुरलंही गेलं. डाव्या कानात काही नाही, उजव्यात फक्त गडगडाट. घरात ढिगानं शाळेच्या वह्या साठल्या, त्यांत सगळा संसार लिहिलेला: 'साखर संपली.' 'आनेलेची फी भर.' 'घोरतोस.' तरणी लेक आनेले बापाशी बोलायचं टाळू लागली, कारण दर वाक्य लिहायचा तिला कंटाळा यायचा आणि आपण कंटाळलो याची शरमही वाटायची. लुलामिलेला हे कळत होतं. लहानपणी दुकानाच्या काउंटरशी तो स्वतःही कधी कधी असाच शरमला होता. त्या दिवसांत तो घरी यायचा, चहा प्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

त्याला त्यातून ओढून काढलं ते एका पोरसवदा डॉक्टरणीनं. डॉक्टर पिल्ले दरबानहून एका वर्षाच्या सरकारी नेमणुकीवर कोमानीला आली होती आणि साखरेच्या रुग्णांची ओपीडी बघायची. लुलामिलेचे कागद चाळता चाळता ती थांबली. तिनं लिहून विचारलं: 'तुमच्या घरात आणखी कुणाला साखर आणि बहिरेपण दोन्ही?'

"आईला. मामाला. बहिणीला साखर आहे, हल्ली झुकिस्वाला तिला फोनवर दोनदा सांगावं लागतं."

'आणि वडिलांच्या बाजूला?'

"तिकडे सगळ्यांचे कान कुत्र्यासारखे तिखट."

तिनं एका कोऱ्या कागदावर गोल नि चौकोन काढून त्याचं घराणं मांडलं, एकेकाला काळं केलं आणि ते चित्र बराच वेळ पाहत राहिली. मग रक्त नि लघवी तपासायला केपटाउनला पाठवली. उत्तर यायला अडीच महिने लागले.

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत ताकद तयार करणारी छोटी छोटी वीजघरं असतात, तिनं लिहिलं. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. ती फक्त आईकडून येतात, बापाकडून येत नाहीत. तुमच्या वीजघरांच्या नकाशात एक अक्षर चुकलेलं आहे. म्हणून जिथे फार वीज लागते तिथे तुटवडा पडतो: कानाच्या आत, साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीत, कधी हृदयात. खाली तिनं रेघ मारून लिहिलं: 'जादूटोणा नाही. कुणाची चूक नाही. तुमच्या मुलीला तुमच्याकडून हे जाऊ शकत नाही.'

लुलामिलेनं तो कागद चारदा वाचला. आनेले बचावली, हे पहिल्यांदा मनात आलं. मग आई आली. आयुष्यभर जिला वाटलं की आपण काहीतरी पाप केलं असेल, तिला हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. आणि मग फुम्ला.

फुम्ला त्याची थोरली बहीण. केपटाउनजवळ खायेलित्शात राहायची, एका बालवाडीत पोरं सांभाळायची. तिला एकुलती एक मुलगी होती, सतरा वर्षांची सिनोव्हुयो. लुलामिले बसनं रात्रभर प्रवास करून बहिणीकडे गेला आणि डॉक्टरणीचा कागद तिच्यापुढे ठेवला. वाचता वाचता फुम्लाचा चेहरा बदलत गेला. तिनं वही ओढली.

'म्हणजे मीच दिलं तिला.'

"सिसी, थांब."

'मीच. माझ्या पोटातून.'

"मला एक सांग," लुलामिले म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो हल्ली फार मोठ्यानं बोलायचा. शेजारच्या पत्र्याच्या घरातून कुणीतरी डोकावलं. "आईनं हे आपल्याला दिलं म्हणून तू आईवर रागावलीस का?"

फुम्लानं नाही म्हणून मान हलवली.

"मग सिनोव्हुयो तुझ्यावर का रागवेल?"

फुम्ला ओंजळीत तोंड घालून रडली. दारात उभी राहून सिनोव्हुयो सगळं ऐकत होती. ती आत आली, आईच्या हातातला पेन काढून घेतला आणि मामासाठी लिहिलं: 'मी रागावले नाही. पण माझ्याबद्दल बोलताय तर मला बोलवायचं तरी. रक्त कधी द्यायचं?'

तिच्यातही तो दोष निघाला. पण वेळेवर कळल्यामुळे तिचे कान दरवर्षी तपासले जाऊ लागले, कानाला मारक ठरतील अशी औषधं टाळायची हे तिच्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलं गेलं, साखरेवर नजर राहिली. लुलामिले म्हणतो, माझ्या बहिरेपणाचा पहिला फायदा त्या पोरीला झाला.

केपटाउनच्या ज्या सरकारी रुग्णालयात हे सगळं चाललं होतं तिथेच त्याला रिनेल अब्राहम्स भेटली. ती श्रवणतज्ज्ञ होती, गोलमटोल, बोलकी, गळ्यात चष्मा अडकवलेली. तिनं त्याचे कान तपासले आणि फळ्यावर लिहिलं: 'कॉक्लिअर इम्प्लांट ऐकलंय?'

"मी सध्या काहीच ऐकत नाही," लुलामिले म्हणाला.

ती इतकी हसली की चष्मा पडला.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातल्या पेशी मेल्या की आवाज पुढे जात नाही. त्या नळीत बारीक तार सरकवायची, बाहेर कानामागे यंत्र लावायचं, आणि आवाजाची वीज करून थेट मज्जातंतूला द्यायची. एवढं त्याला समजलं. पण अशी यंत्रं वर्षाला मोजकीच मिळत आणि कुणाला द्यायचं हे एक समिती ठरवत असे. समितीतल्या एका डॉक्टरांनी शंका काढली, आणि ती चुकीची नव्हती: ह्या माणसाचा आजार पेशींचा आहे. नळीबरोबर मज्जातंतूही मेला असेल तर तार घालून काय उपयोग? उद्या मेंदूही थकला तर? भूल सोसेल का?

ह्या सगळ्याचं भाषांतर अब्राहम्सनं त्याला जसंच्या तसं लिहून दिलं. गोड करून नाही. लुलामिलेला ते फार आवडलं. माणूस पूर्ण खरं सांगतोय की पातळ करून, हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" त्यानं विचारलं.

'मी म्हणाले, ह्या आजारात बहुतेक वेळा नळी जाते, मज्जातंतू टिकतो. दुसरीकडे अशा लोकांना इम्प्लांट बसवलेत, बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. मी म्हणाले, आपण तपासू.'

"आणि पुढे मज्जातंतू गेला तर?"

'ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण आज तो जागा आहे की नाही एवढं कळू शकतं.'

तपासण्या झाल्या. उजव्या बाजूचा मज्जातंतू जागा होता. हृदय बरं होतं. समितीनं होकार दिला.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे झुकिस्वा आणि फुम्ला दोघी वॉर्डाबाहेर बसल्या होत्या. ह्या आजारात उपाशी पोटी फार वेळ ठेवणं वाईट, म्हणून त्याला सकाळचा पहिला नंबर दिला होता आणि रात्रीपासूनच शिरेतून साखरपाणी चालू होतं. भुलीच्या डॉक्टरांनी कुठली औषधं द्यायची, कुठली नाही, याची यादी हातात धरली होती. अनोळखी माणसांनी आपल्यासाठी एवढा विचार करावा याचं लुलामिलेला नवल वाटलं. आत नेताना तो इतक्या जणांना 'एन्कोसी, एन्कोसी' म्हणत आभार मानत गेला की स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय झुकिस्वाला म्हणाला, "ह्यांना आम्ही अजून काही केलेलंच नाही, मावशी."

चार आठवड्यांनी, जखम भरल्यावर, यंत्र सुरू करायचं होतं. फुम्लाला वाटलं होतं आता भाऊ ऐकायला लागणार. तिनं नवा ड्रेस घातला होता. अब्राहम्सनं बटण दाबलं, काहीतरी बोलली. लुलामिलेचा चेहरा कसनुसा झाला.

'काय झालं?' झुकिस्वानं वहीत लिहिलं.

"पत्र्याच्या डब्यात कुणीतरी रातकिडे भरलेत आणि डबा हलवतंय," तो म्हणाला. "तू बोललीस की रातकिडे. तो दरवाजा वाजला, रातकिडे. मी बोलतोय तेही रातकिडे."

फुम्ला रडायला लागली. अब्राहम्सनं तिचा हात धरला आणि भावालाही वाचता येईल असं लिहिलं: 'हे ठीक आहे. मेंदू नवी भाषा शिकतोय. दुभाषा आहे ना तो? शिकेल.'

तो दोन महिने बहिणीकडे राहिला. सिनोव्हुयो शाळेतून आली की त्याच्यासमोर बसायची, तोंडापुढे वही धरायची म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक शब्द म्हणायची. सोमवार, मंगळवार. भाकर, पाणी. तो चुकायचा. ती पुन्हा म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात त्याला शब्दांच्या कडा दिसू लागल्या, असं तो सांगतो. सगळ्यांत आधी ओळखू आले ते आमचे टाळूचे, दातांचे, गालांचे चटके, जिभेनं वाजवायची अक्षरं. रातकिड्यांच्या गोंगाटातून ती काडी मोडल्यासारखी लख्ख यायची.

आणि मग ती सकाळ. यंत्राची जुळवाजुळव करायला तो अब्राहम्सकडे बसला होता. तिनं तोंडापुढे कापडाची चौकट धरली आणि खोसा शब्दांची यादी वाचायला लागली. ती आफ्रिकान्स घरातली, खोसा तिला बेताचं यायचं. 'अंडं' ह्या शब्दाशी आली आणि टाळूच्या चटक्याऐवजी साधा 'क' म्हणाली.

"बाई, क नाही," लुलामिले म्हणाला. "जीभ टाळूला चिकटवून एकदम सोडायची. बाटलीचं बूच उघडल्यासारखी."

चौकट हळूहळू खाली आली. अब्राहम्स त्याच्याकडे बघत राहिली. मग लुलामिलेला उमगलं आपण काय केलं ते. ओठ न बघता त्याला शब्द ऐकू आला होता, एवढंच नाही, तो चुकीचा म्हटला गेलाय हेही ऐकू आलं होतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. लिहिलं नाही. म्हणाली.

"बाटलीचं बूच," तो म्हणाला, आणि मग दोघं त्या छोट्याशा खोलीत बसून बुचं उघडत राहिले, ती हसत आणि चष्मा पुसत, तो नुसताच चटके वाजवत. बाहेर थांबलेल्या झुकिस्वाला वाटलं यंत्र बिघडलं.

सगळं परत आलं असं मात्र झालं नाही. गर्दीत आजही त्याचा गोंधळ उडतो. गाणं तर गेलंच. गुरुवारी चर्चमधल्या बायका लाल ब्लाउज घालून जमतात, झुकिस्वा त्यांत मधल्या सुरात गाते, आणि लुलामिलेला ते टिनावर गारा पडल्यासारखं वाटतं.

"तुमचं गाणं म्हणजे नुसता पत्रा," तो एकदा म्हणाला.

"पूर्वीही पत्राच होता, भेले," झुकिस्वा म्हणाली. "तुला आत्ता नीट ऐकू यायला लागलं."

ती भांडायला लागली की तो कानामागचं यंत्र काढून टेबलावर ठेवायचा. एकदा तिनं ते उचलून सरळ आपल्या ब्लाउजमध्ये टाकलं आणि सगळं भांडण तिनं वहीत लिहून काढलं, सव्वातीन पानं, प्रत्येक ओळीखाली रेघ. ती वही अजून आहे. आनेले पाहुण्यांना वाचून दाखवते. बापाशी पोरगी आता तासन्‌तास बोलते, बहुतेक वेळा पैसे हवे असतात म्हणून. लुलामिले सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि मगच नाही म्हणतो.

कोर्टात उभं राहून पुन्हा दुभाषेपण करायचं त्यानं स्वतःहून नाकारलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं होतं. तो म्हणाला, शांत खोलीत मी शंभरांतले नव्वद शब्द ऐकतो, पण उरलेल्या दहांत कुणाचा तरी 'अ' असेल. त्याऐवजी तो दुभाष्यांच्या टेप तपासतो. यंत्राला तार जोडून आवाज सरळ आत घेतो, लागेल तितक्यांदा मागे नेऊन ऐकतो, चूक सापडली की लाल खूण करतो. नव्या दुभाष्यांना शिकवतोही. त्याचा पहिला धडा एकच असतो: "ऐकू आलं नाही तर हात वर करा. लाजेनं कुणी मरत नाही. न ऐकता बोललात तर कुणीतरी मरेल." ज्या घरातला माणूस चार महिने आत गेला होता, त्या घरातली सून गेल्या वर्षी त्याच्या वर्गात होती. तिला तिथे कुणी धाडलं हे त्यानं विचारलं नाही.

यंत्र सुरू झाल्याला वर्ष झालं तेव्हा त्यानं आईच्या गावी आभाराचा समारंभ केला. घरची बिअर घातली, बैल कापला, गुरांच्या वाड्यात म्हातारे मेंढ्यांच्या कातड्यांवर बसले. सगळ्यांसमोर उभं राहून लुलामिलेनं आईचं नाव घेतलं. तिला नजर लागली नव्हती, तिनं कुणाचं वाईट केलं नव्हतं, तिच्या रक्तात एक अक्षर चुकलं होतं, तिच्या आईच्या रक्तातही चुकलं असेल, असं त्यानं सांगितलं. ज्यांनी कधीकाळी कुजबूज केली होती त्यांतली दोघं-तिघं तिथेच बसली होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे भेले, पूर्वज रुसलेले नव्हते?"

"रुसले असते तर त्यांनी मला डॉक्टर पिल्लेकडे कशाला पाठवलं असतं?"

म्हाताऱ्याला ते पटलं. मग लुलामिलेनं एकेकाचं नाव घेऊन आभार मानले: डॉक्टर पिल्ले, अब्राहम्स बाई, तार घालणारे प्रोफेसर, शंका काढणारे डॉक्टरसुद्धा, कारण त्यांच्या शंकेमुळेच मज्जातंतू तपासला गेला. यादी इतकी लांबली की बिअर संपत आली.

फुम्लाचे कान पुढच्या चार वर्षांत गेले. ह्या वेळी समितीला फार वेळ लागला नाही. तिच्या भावाचे आकडे त्यांच्यापुढे होते. डॉक्टर इंग्रजीत सांगत, लुलामिले उजवा कान पुढे करून ऐके आणि बहिणीसाठी वहीत खोसात लिही. तिचं यंत्र सुरू झालं तेव्हा ती म्हणाली, "रातकिडे कुठले? मला तर सगळे उंदरासारखे बोलताना ऐकू येताहेत." आणि तिला स्वतःच्याच आवाजाचं इतकं हसू आलं की जुळणी अर्धा तास थांबवावी लागली.

सिनोव्हुयो आता पंचवीसची आहे, शाळेत गणित शिकवते. साखर किंचित वर असते, कान अजून शाबूत. लग्न ठरल्यावर ती मामाकडे चार दिवस राहायला आली. अंगणात मक्याचे दाणे सोलत दोघं बसले होते.

"मामा, मला मूल झालं तर हे त्यालाही जाईल."

"जाऊ शकतं. कमी जाईल की जास्त, ते डॉक्टर सांगतील. आजकाल आधी बोलता येतं त्यांच्याशी. जा, बोल."

"ते मी बोलेन. मी तुला विचारतेय."

लुलामिलेनं कणीस बाजूला ठेवलं. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"तू काय करावंस ते मी नाही सांगणार. माझं सांगतो. जन्माला आलो याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही." त्यानं कणीस पुन्हा उचललं. "रेकॉर्डरूमचे काही दिवस सोडून."

सिनोव्हुयो हसली.

"होणाऱ्या नवऱ्याला सांगितलंयस?" त्यानं विचारलं.

"सगळं. कागद वाचायला दिला डॉक्टरणीचा."

"मग?"

"म्हणाला, वीजघरं कमी पडली तर आपण मेणबत्त्या लावू." तिनं दाण्यांची मूठ घमेल्यात टाकली. "जरा येडाच आहे तो."

"बरा आहे की," लुलामिले म्हणाला, आणि पुढचं कणीस तिच्या हातात दिलं.